घरच्या संगणकातील द्विदल राज्य

जालना शहराला भंगाराचे मोल कोणी शिकविण्याची गरज नाही. येथील औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत मोडके लोखंड वितळते आणि त्यातून घरे व पूल उभारणारी सळई बाहेर पडते. मोडीत निघालेल्या वस्तूला पुन्हा कामाला लावण्यावर ज्या गावाचा संसार चालतो, त्याच गावात आणि जिल्ह्यातील घराघरांत आज नेमका उलटा व्यवहार चालू आहे. उत्तम चालत असलेली वस्तू भंगार ठरविली जात आहे, आणि तो निकाल देणारा अधिकारी सातासमुद्रापार बसला आहे.

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या विंडोज 10 या प्रणालीची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ देऊ केली, पण तीही कंपनीच्या दप्तरी आपले खाते उघडण्याच्या अटीवर. पुढची प्रणाली विंडोज 11. ती चालण्यासाठी संगणकात सुरक्षेची एक विशिष्ट चकती आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर असणे आवश्यक आहे. ढोबळमानाने बोलावयाचे तर 2018 पूर्वीची बहुतेक यंत्रे या यादीबाहेर पडतात. परतूर किंवा भोकरदन येथील एखाद्या प्राथमिक शिक्षकाचे घर डोळ्यांसमोर आणावे. 2016 साली हप्त्याने घेतलेला संगणक तेथे अजून ठणठणीत आहे. त्याची कळफळी झिजलेली नाही, पडदा गेलेला नाही. मुलीचा अभ्यास आणि पतसंस्थेचे हिशेब त्यावर चालतात. परंतु कंपनीच्या लेखी हे यंत्र आता वृद्ध झाले. दुकानदार सांगतो, नवा घ्या.

नवा न घेताही मार्ग आहे, आणि तो काही नुकताच सापडलेला नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली सर्वांना मुक्तपणे वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली घडविण्याचा संकल्प जाहीर केला. 1991 साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा, म्हणजे लिनक्स, लिहावयास घेतला. त्यावर उभारलेल्या उबुंटू, मिंट, डेबियन इत्यादी प्रणाली विनामूल्य मिळतात आणि दहा-बारा वर्षांच्या यंत्रावरही बऱ्या चालतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 2007 पासून ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांची सोय असलेली प्रणालीही उपलब्ध करून दिली. मात्र घरात टॅली चालते, निविदांसाठी डिजिटल सही लागते, जुन्या मराठी टंकांत जुळविलेला मजकूर पडून असतो. ही कामे विंडोजला बांधलेली आहेत. म्हणून शहाणा माणूस पहिली प्रणाली पुसत नाही. तिच्या शेजारी दुसरी बसवितो. यंत्र सुरू करताना दोहोंपैकी जी हवी ती निवडता यावी, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते.

आणि येथेच त्याची परवड सुरू होते. रात्री जेवण उरकून तो पेन ड्राइव्ह लावतो. कधी यंत्र तो ओळखत नाही, कधी हार्ड डिस्कच दिसत नाही, कधी सारे यथासांग पार पडून सकाळी नवी प्रणाली गायब झालेली असते. चार रात्री जागून तो स्वतःलाच दोष देतो: ‘हे आपल्यासारख्याचे काम नव्हे.’ आजच्या तांत्रिक व्यवस्थेचा सर्वांत मोठा विजय कोणता असेल तर तो हाच कबुलीजबाब होय. या अडचणी निसर्गनिर्मित नाहीत. त्यांतील बहुतेकांना कर्ता आहे, तारीख आहे आणि उपायही आहे. तो उपाय एकट्याने शोधणे जड जाते, चौघांनी मिळून शोधणे जड जात नाही.

अडथळ्यांची वंशावळ

एकेक अडथळा हाती घेऊन त्याचे मूळ पाहावे. त्यासाठी कोणी अभियंता असावा लागत नाही. पहिली अट एकच: घरातील सर्व कागदपत्रे, छायाचित्रे व हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. या एका नियमाचा भंग झाला की पुढील सारे तत्त्वज्ञान व्यर्थ ठरते.

पहिला अडथळा जागेचा. दुसऱ्या प्रणालीसाठी डिस्कवर मोकळा भाग हवा. तो विंडोजच्याच डिस्क-व्यवस्थापनातून काढावयाचा असतो. पण निम्मी डिस्क रिकामी असतानाही विंडोज थोडीच जागा सोडावयास तयार होते, कारण तिच्या काही फायली भर वाटेत ठाण मांडून बसलेल्या असतात व त्या हलविता येत नाहीत. निद्रावस्थेची फाइल, स्मृतीची पूरक फाइल आणि पूर्वस्थितीच्या नोंदी ही ती मंडळी. त्या तात्पुरत्या बंद केल्या की जागा मोकळी होते.

दुसरा अडथळा अधिक फसवा आहे. लिनक्स बसविणारा कार्यक्रम सुरू होतो, पण त्याला डिस्कच दिसत नाही. मनुष्य घाबरतो, डिस्क गेली असे समजतो. डिस्क जागेवरच असते. इंटेलच्या अनेक यंत्रांत कारखान्यातच डिस्कचा कारभार ‘आरएसटी’ नावाच्या मध्यस्थाकडे दिलेला असतो, आणि तो मध्यस्थ लिनक्सला डिस्कपर्यंत पोहोचू देत नाही. बायोसमध्ये हा कारभार ‘एएचसीआय’ या खुल्या पद्धतीकडे वळविला की डिस्क दिसू लागते. परंतु तो नुसताच वळविला तर विंडोज बंद पडते. म्हणून आधी विंडोजला पुढच्या वेळी ‘सेफ मोड’मध्ये सुरू होण्यास सांगावे, मग बायोसमध्ये बदल करावा, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज सुरू होऊ द्यावी आणि नंतर ती सूचना मागे घ्यावी. क्रम पाळला तर काम होते. क्रम उलटा झाला तर हाहाकार.

तिसरा अडथळा ‘फास्ट स्टार्टअप’चा. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, विंडोज ‘बंद’ केली तरी ती खऱ्या अर्थाने बंद होत नाही. लवकर जागे होता यावे म्हणून ती आपला गाभा डिस्कवर गोठवून ठेवते आणि डिस्क ‘वापरात आहे’ अशी खूण मारून जाते. लिनक्स ती खूण पाहते आणि नुकसान टाळण्यासाठी त्या भागात लिहिण्यास नकार देते. खोली सोडताना आतून कडी लावून जाणाऱ्या भाडेकरूचा हा प्रकार आहे. वीज-व्यवस्थापनाच्या पर्यायांतून ही सोय बंद करावी. यंत्र सुरू होण्यास काही सेकंद अधिक लागतात, एवढाच तोटा.

चौथा अडथळा नव्या यंत्रांवर विशेष आढळतो. तो डिस्कच्या कुलपाचा. विंडोज 11 च्या 2024 मधील आवृत्तीपासून नव्याने बसविलेल्या प्रणालीत, कंपनीच्या खात्यातून प्रवेश केल्यास, डिस्क आपोआप कुलूपबंद होते. त्या कुलपाची 48 अंकी किल्ली कंपनीच्या खात्यात जमा होते. घरधन्याला पुष्कळदा तिचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये जरासा बदल केला की यंत्र हटकून ती किल्ली मागते. तेव्हा आधी ती किल्ली कागदावर उतरवून घ्यावी, कुलूप तात्पुरते स्थगित करावे आणि मगच पुढे जावे. अनेकांची वर्षांची कागदपत्रे अशा 48 अंकांच्या अभावी अडकून पडतात, आणि खापर मात्र बिचाऱ्या लिनक्सच्या माथी फुटते.

पाचवा अडथळा अग्रक्रमाचा. सारे सुरळीत होते, आणि एखाद्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर यंत्र थेट विंडोजच सुरू करते. नवी प्रणाली नाहीशी झालेली नसते; रांगेत तिला मागे ढकललेले असते. बायोसमधील प्रारंभ-क्रमात तिला पुन्हा वर आणले की ती हजर होते. जुन्या यंत्रांवर यूईएफआय आणि त्यापूर्वीची पारंपरिक अशा दोन पद्धती असतात. पहिली प्रणाली ज्या पद्धतीने बसली आहे त्याच पद्धतीने दुसरी बसविली नाही तर निवडीच्या यादीत दोघी एकमेकींना ओळखत नाहीत.

सहावा अडथळा किरकोळ, पण बोलका. लिनक्स वापरून पुन्हा विंडोजमध्ये आले की घड्याळ साडेपाच तास मागे पडते. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते, विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ म्हणून वाचते, आणि मंठ्याच्या घरात सकाळी नऊ वाजता पहाटेचे साडेतीन वाजतात. यंत्र बिघडलेले नसते, दोन राज्यकर्त्यांचे पंचांग वेगळे असते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्याची एक आज्ञा दिली की तंटा मिटतो.

सारा दोष एकाच पक्षाचा आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोन्ही प्रणालींची यादी दाखविणाऱ्या ‘ग्रब’ या आज्ञावलीत 2021 पासून दुसऱ्या प्रणालीचा शोध घेण्याची सोय मुळातच बंद ठेवली जाते. परिणामी लिनक्सच्या काही प्रकारांत विंडोजच यादीतून नाहीशी झालेली दिसते आणि वापरणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ती सोय हाताने चालू करून यादी नव्याने तयार करावी लागते. वायफायच्या काही चकत्या प्रारंभी चालत नाहीत. त्यांच्या उत्पादकांनी आपली माहिती आणि आज्ञावली मुक्तपणे वाटू दिलेली नसते. अशा वेळी मोबाइल तारेने जोडून त्याचे इंटरनेट घ्यावे आणि उरलेले भाग उतरवून घ्यावेत.

राखीव खाती आणि सोपीव खाती

सर्वांत महत्त्वाचा अडथळा अखेरीस ठेवला आहे, कारण तो इतरांच्या जातीचा नाही. त्याचे नाव ‘सिक्युअर बूट’. यंत्र चालू होताच जी पहिली आज्ञावली चालणार, तिच्यावर मान्यताप्राप्त स्वाक्षरी आहे की नाही हे यंत्र तपासते. स्वाक्षरी नसेल तर प्रवेश नाही. आता प्रश्न असा की ही मान्यता कोणाची? बाजारातील बहुतेक घरगुती यंत्रांत मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या कारखान्यातच बसविलेल्या असतात. म्हणून लिनक्सच्या संघटनांनाही ‘शिम’ नावाचा एक छोटा दुवा तयार करून त्यावर मायक्रोसॉफ्टचीच स्वाक्षरी घ्यावी लागते. स्पर्धकाच्या दुकानाचे शटर उघडण्याचा परवाना प्रतिस्पर्धी दुकानदाराने द्यावा, अशी ही तऱ्हा आहे.

1919 च्या कायद्याने इंग्रजांनी प्रांतांत जे द्विदल राज्य आणले होते त्याची येथे आठवण होते. शिक्षण, आरोग्य, शेती ही सोपीव खाती भारतीय मंत्र्यांकडे आणि पोलीस, महसूल, तिजोरी ही राखीव खाती गव्हर्नराच्या हाती. मंत्र्याने शाळा काढावी, पण पैसा मागावयास गव्हर्नराच्या दारी जावे. घरच्या संगणकातील व्यवस्था याहून वेगळी नाही. दुसरी प्रणाली बसवा, तिच्यावर पत्रे लिहा, चित्रे पाहा. दाराची किल्ली मात्र राखीव खात्यात.

हा केवळ तर्काचा खेळ नव्हे. 13 ऑगस्ट 2024 रोजी मायक्रोसॉफ्टने एक सुरक्षा-दुरुस्ती प्रसृत केली. ‘ग्रब’मधील 2022 साली उघड झालेल्या एका दोषामुळे जुन्या, असुरक्षित आज्ञावलींना रोखणे हा तिचा उद्देश होता. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांवर ती लागू होणार नाही, असे कंपनीने सांगितले होते. प्रत्यक्षात ती अशा अनेक यंत्रांवर लागू झाली. सकाळी यंत्र सुरू करणाऱ्यांना ‘काहीतरी फारच गंभीर बिघडले आहे’ अशा अर्थाचा संदेश दिसला आणि यंत्र बंद पडले. लिनक्समध्ये शिरण्याचा मार्गच खुंटला. उपाय होता: सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावयाचे, लिनक्स सुरू करून यंत्रात साठविलेले ते नवे धोरण पुसावयाचे आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करावयाचे. कंपनीची कायमची दुरुस्ती आली ती मे 2025 मध्ये. नऊ महिने! एका कंपनीच्या चुकीने दुसऱ्याच्या घराचे दार बंद होते आणि ते उघडण्यास नऊ महिने लागतात, याला ‘तांत्रिक बिघाड’ एवढेच नाव पुरेसे नाही. हा सत्तेच्या मांडणीचा बिघाड आहे.

सुरक्षिततेचा साळसूद युक्तिवाद

यावर उत्तर तयार असते: हे सर्व ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी आहे. या युक्तिवादात तथ्यांश आहे आणि तो नाकारणे बालिशपणाचे ठरेल. प्रणाली जागी होण्यापूर्वीच यंत्रात शिरणारे विषाणू असतात. चोरीला गेलेल्या संगणकातील कागदपत्रे कुलपाने वाचतात. ‘ग्रब’मधील दोषही खराच होता. कुलूप असावे याविषयी वाद नाही. वाद किल्ली कोणाकडे असावी याविषयी आहे. घराला कुलूप लावण्यास कोणी विरोध करीत नाही. पण कुलूप लावणाऱ्या सुताराने किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि घरमालकाने आत जाताना त्याची परवानगी घ्यावी, याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

विशेष म्हणजे आपल्या किल्ल्या बसविण्याची सोय तंत्रात मुळातच आहे. 2012 साली विंडोज 8 च्या प्रमाणपत्रासाठी साध्या संगणकांवर सिक्युअर बूट बंद करता येण्याची सोय ठेवणे उत्पादकांना बंधनकारक होते. विंडोज 10 च्या वेळी, 2015 मध्ये, ते उत्पादकांच्या मर्जीवर सोडण्यात आले. हक्क होता त्याची मेहेरबानी झाली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर प्रणाली बदलण्याची किंमत कृत्रिमरीत्या वाढविणे हाच मक्तेदारीचा आधार असतो. ग्राहकाला कोणी बांधून ठेवीत नाही, फक्त उंबरठा थोडा थोडा उंच केला जातो.

या कलेचा इतिहास जुना आहे. उत्पादकाने विकलेल्या प्रत्येक संगणकामागे, त्यावर आपली प्रणाली असो वा नसो, शुल्क घेण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टने रूढ केली होती. 1994 साली अमेरिकन शासनाशी झालेल्या तडजोडीत ती सोडून द्यावी लागली. 1998 साली तेथील न्याय विभागाने मक्तेदारीचा खटला भरला. 2004 साली युरोपीय आयोगाने 49 कोटी 70 लाख युरोंचा दंड ठोठावला. हे सर्व भांडवलशाहीच्या माहेरघरी घडले. भारतात एका वस्तूशी दुसरीची सांगड घालून स्पर्धा मारणाऱ्या करारांना 2002 च्या स्पर्धा कायद्याने आक्षेपार्ह ठरविले आहे. तरीही दुकानात संगणक मागितला की प्रणाली त्याच्या पोटात घालूनच मिळते आणि तिची किंमत पावतीवर वेगळी लिहिलेली नसते.

1978 चा धडा

समाजवादी चळवळीला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. एकेकाळी भारतात संगणक म्हणजे आयबीएम असे समीकरण होते. परदेशांत जुनी झालेली यंत्रे डागडुजी करून येथे भाड्याने देणे हा त्या कंपनीचा धंदा होता. 1973 च्या परकीय चलन कायद्यानुसार विदेशी भागभांडवल कमी करण्याचा आग्रह धरला गेला. जनता शासनात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना कंपनीने ही अट अमान्य केली आणि 1978 साली तिने भारतातून काढता पाय घेतला. देशातील संगणक आता बंद पडतील, अशी भविष्यवाणी तेव्हा अनेक विद्वानांनी केली. ते बंद पडले नाहीत. सरकारी क्षेत्रातील कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजेच सीएमसी, हिने ती यंत्रे सांभाळली आणि इतरही कंपन्यांची यंत्रे दुरुस्त करण्याचे कसब भारतीय तंत्रज्ञांनी मिळविले.

या घटनेतून केवळ अभिमानाचा अर्थ काढणे पुरेसे नाही. कंपनी निघून गेली त्या दिवशी स्वावलंबन आले नाही. दुसऱ्याचे यंत्र उघडून ते दुरुस्त करणारे हात तयार झाले तेव्हा ते आले. घोषणा मंत्रालयात होते, स्वावलंबन दुरुस्तीच्या टेबलावर घडते. घरच्या संगणकात दुसरी प्रणाली बसविताना अडलेला शिक्षक त्याच टेबलापाशी उभा आहे. त्याला एकटे सोडणे म्हणजे 1978 चा धडा विसरणे होय.

बियाण्याचा जिल्हा

जालन्याच्या शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगण्यास संगणकाची परिभाषा लागत नाही. हा बियाण्याचा जिल्हा आहे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको स्थापन केली आणि जालन्याचे नाव संकरित बियाण्याशी कायमचे जोडले गेले. संकरित वाणाने उत्पादन वाढले हे नाकारता येत नाही. त्याचबरोबर घरच्या कणगीतून बी काढून पेरण्याची जुनी रीत मोडली, कारण संकरित पिकाचे बी दुसऱ्या पिढीत मूळ गुण टिकवीत नाही. दरवर्षी नवे बी विकत घेणे आले. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर बियाण्याच्या पिशवीत बियाण्याबरोबर परक्या कंपनीच्या तंत्राचे शुल्कही शेतकरी भरू लागला.

तरीसुद्धा या देशाच्या संसदेने 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात एक मोठी गोष्ट मान्य केली: आपल्या शेतातील बी राखून ठेवणे, पेरणे, देवघेव करणे आणि विकणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, संरक्षित वाणाचे बी नाममुद्रा लावून विकता येत नाही, एवढीच मर्यादा. वापरणे, तपासणे, वाटणे, सुधारणे ही मुक्त आज्ञावलीची चार स्वातंत्र्ये या हक्काच्या सख्ख्या भावंडांसारखी आहेत. फरक असलाच तर तो कंपन्यांच्या विरुद्ध जाणारा आहे. संकरित बी दुसऱ्या पिढीत ढासळते हा निसर्गनियम. आज्ञावलीची हजारावी प्रतही पहिलीइतकीच सकस असते आणि ती काढण्यास जवळजवळ काही खर्च येत नाही. येथील टंचाई सर्वस्वी माणसाने निर्माण केलेली आहे. बियाण्याच्या बाबतीत जो हक्क देशाने शेतकऱ्याला दिला, तो आज्ञावलीच्या बाबतीत त्याच्या मुलीला का मिळू नये?

घरचा आहेर

परक्यांना दोष देऊन झाल्यावर स्वतःच्या घरात पाहणे भाग आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्ध ठराव लिहिले जातात ते चोरलेल्या विंडोजवर, हे पुरोगामी चळवळीच्या अनेक कार्यालयांतील उघड गुपित आहे. ‘पैसे दिले नाहीत, म्हणजे शोषण झाले नाही’ असा भोळा समज त्यामागे असतो. बिल गेट्स यांनी 1998 साली चीनमधील नकलांविषयी बोलताना साफ सांगितले होते की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे; सवय लागली की पुढे वसुली करता येईल. चोरीची प्रत ही मक्तेदारीविरुद्धचे बंड नसून तिची फुकटची जाहिरात आहे.

शासनाचीही तीच गत आहे. केंद्र सरकारने 2015 साली मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पण नोकरी शोधणारा महाराष्ट्रातील तरुण जो एमएस-सीआयटी अभ्यासक्रम 2001 पासून करीत आला, त्याचा भर विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांवरच राहिला. करदात्यांच्या मुलांना एका कंपनीच्या कळा पाठ करून देणे म्हणजे संगणक साक्षरता नव्हे. केरळने दुसरा मार्ग धरला. तेथील आयटी@स्कूल प्रकल्पाने आणि 2017 नंतर ‘काइट’ या संस्थेने शाळांमधील संगणक मुक्त प्रणालीवर आणले, शिक्षकांना त्याचे शिक्षण दिले. जे केरळच्या शाळांत जमते ते घनसावंगीच्या शाळेत जमणार नाही, असे मानण्यास आधार काय?

आणि मुक्त आज्ञावलीच्या काही अभिमान्यांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. अडलेल्या नवख्याला ‘आधी वाचून या’ असे फटकारणारे लोक मक्तेदारीचे काम विनावेतन करीत असतात. ज्ञान मुक्त ठेवावयाचे आणि वागणूक मात्र सोवळ्याची, हे जमणार नाही.

काय करावे

मोठ्या मागण्या कराव्यातच. प्रणालीविना संगणक मिळण्याचा पर्याय प्रत्येक दुकानात असावा आणि प्रणालीची किंमत पावतीवर वेगळी दाखवावी. सिक्युअर बूट बंद करण्याचा आणि आपली किल्ली बसविण्याचा हक्क कायद्याने ग्राहकाला मिळावा. शासकीय परीक्षा व अर्ज कोणत्याही प्रणालीवरून भरता यावेत. मराठी मजकूर जुन्या खासगी टंकांतून युनिकोडमध्ये आणण्याची मोहीम शासनाने घ्यावी, कारण मराठी छपाईची अनेक कार्यालये आजही त्या टंकांपायीच विंडोजला जखडलेली आहेत.

परंतु मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी एखाद्या सार्वजनिक वाचनालयात महिन्यातून एक रविवार ठरवावा. ज्याच्या घरी जुना संगणक आहे त्याने तो घेऊन यावे. प्रथम कागदपत्रांची प्रत काढावी आणि कुलपाची किल्ली कागदावर लिहून घ्यावी. मग काहीही न बसविता लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहावी. आवाज, वायफाय, छपाईयंत्र आणि मराठी टंकलेखन तपासावे. सर्व ठीक वाटले तरच ती डिस्कवर बसवावी. प्रत्येक यंत्राची एक वही ठेवावी: कोणती कंपनी, कोणते वर्ष, कोणता अडथळा, कोणता उपाय. सहा महिन्यांत अशी वही तालुक्याची सामाईक मालमत्ता होईल. जाफराबादच्या एका घरी चार रात्री खाल्लेली अडचण अंबडच्या घरी दहा मिनिटांत सुटेल. ज्याचे काम टॅलीवाचून अडते त्याला विंडोज सोडण्याचा उपदेश करू नये. दोन्ही प्रणाली सुखाने नांदतील असे करून द्यावे. दुसरी प्रणाली वापरून पाहिलेला माणूस पुढे काय निवडतो, ते त्याच्यावर सोडावे.

हे काम क्षुल्लक आहे, मोठ्या लढ्यापुढे त्याची काय मातब्बरी, असे काहींना वाटेल. सहकारी पतपेढ्या, ग्राहक भांडारे, वाचनालये हीदेखील एकेकाळी अशीच क्षुल्लक कामे समजली जात. सामान्य माणसाला स्वतःच्या वस्तूवर स्वतःचा ताबा मिळवून देणारे काम छोटे नसते. प्रांतांतील द्विदल राज्य 1937 साली संपले, कारण सोपीव खात्यांवर समाधान मानण्यास देशाने नकार दिला. घरच्या संगणकातील द्विदल राज्य त्याच नकाराची वाट पाहत आहे. जालन्याच्या भट्टीत कोणते लोखंड टाकावयाचे हे जालनाच ठरविते. कोणता संगणक भंगारात टाकावयाचा, तेही ज्याचा संगणक त्यानेच ठरवावे.